नळीचं दुसरं टोक

पुराचं पाणी ओसरलं की आधी चिखल काढणारे येतात, मग फोटो काढणारे, मग धीर देणारे. हे सगळे आपापलं काम उरकून गेले की पाठीला पिशवी लावून मापारी येतो. त्याच्या पिशवीत धीर नसतो. टेप असते, बॅटरी असते, खडूचे तुकडे असतात आणि वेटोळं करून ठेवलेली बारा मीटर लांबीची एक पारदर्शक नळी असते.

मापारी हे काही त्याचं आडनाव नव्हे. विमा कंपनीच्या कचेरीत कुणीतरी एकदा गमतीने तशी हाक मारली आणि ती चिकटली, इतकी की आता त्याची बायकोही कधीकधी फोनवर "मापारी आहेत का?" असं विचारून त्याला चकवत असे. विम्याचा दावा आला की जागेवर जायचं, खरंच काय आणि किती बिघडलं ते बघायचं आणि अहवाल पाठवायचा, हे काम तो एकोणीस वर्षं करत होता. तो कंपनीचा नोकर नव्हता. अशा माणसांची कंपनीकडे एक यादी असे. यादीत नाव आहे तोवर काम, नाव गेलं की नमस्कार. बऱ्या दिवसांत त्या यादीत एकतीस जण होते. मग बाजार बसला, गिरण्यांच्या फाटकांना कुलपं लागली, आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो इथे पाण्याचा निघाला: नदी गावोगाव घरांत शिरली. दावे तिप्पट झाले आणि यादी अकरा जणांवर आली. याला कंपनीत 'शिस्त' म्हणत.

सुरुवातीच्या काळात तो लोकांची दुःखं घरी घेऊन येई. जेवताना हात थांबे, बायको विचारी, "आज कुणाचं?" आणि तो सांगे. पुढे हात थांबेनासा झाला. कुणी रडायला लागलं की मापारी भिंतीवरची विजेची बटणं मोजायचा. यात निष्ठुरपणा नव्हता. नजर कुठेतरी ठेवावी लागते आणि बटणं बहुतेक घरांत डोळ्यांच्या उंचीवर असतात. कुणाच्या घरात किती बटणं होती हे त्याला वर्षानुवर्षं आठवे. माणसं आठवत नसत.

त्याच्या तोंडी एकच शब्द होता: "बरं." सगळं वाहून गेलं, साहेब. बरं. कपाट आईचं होतं हो. बरं. तुम्हाला काही माणुसकी आहे की नाही? बरं. ऐकणाऱ्याला तो होकार वाटे, आणि माणसं आशेला लागत. बायको मात्र पुरती ओळखून होती. "तुमचं 'बरं' म्हणजे," ती म्हणायची, "आतून कडी लावल्याचा आवाज."

आता नळीविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

पूर येऊन गेला की भिंतीवर चिखलाची एक रेघ उरते. पाणी कुठवर चढलं होतं याची ती पाण्यानेच दिलेली पावती. रेघेच्या खालचं सामान भिजलं, वरचं कोरडं राहिलं. विमा खालच्याचा मिळतो. त्यामुळे काही लोकांच्या मनात येतं, की रेघ थोडी वर असती तर. एका गादीवाल्याने चहाच्या चोथ्यात माती कालवून दाढीच्या ब्रशने अशी रेघ ओढली होती. काम इतकं मन लावून केलं होतं, की पुरानंतर आठ दिवसांनी आणलेल्या भिंतीवरच्या घड्याळावरूनही त्याने ती नेली होती. असल्या कलावंतांना पकडायची युक्ती सोपी आहे. पाणी कुणाचं ऐकत नाही, ते सगळीकडे एकाच पातळीला उभं राहतं. हाताने काढलेली रेघ मात्र जमिनीच्या उतारासोबत खाली-वर होते. म्हणून बाहेर, चौकातल्या खांबावर, नगरपालिकेने लाल रंगात पुराची खूण केलेली असते, ती आत आणून ताडून बघायची. उतारावरच्या गल्लीत हे टेपने जमत नाही. गवंडी लोक जिला लेव्हलची नळी म्हणतात ती लागते: नळीत पाणी भरायचं, एक टोक बाहेरच्या खुणेशी धरायचं, दुसरं आत भिंतीशी. दोन्हीकडे पाणी एका उंचीला येतं. मापारी पाण्यात निळ्या शाईचे चार थेंब टाकी, म्हणजे स्पष्ट दिसे.

या नळीची अडचण एकच. तिला दोन टोकं असतात आणि मापारी एकटा फिरे. तेव्हा बाहेरचं टोक धरायचं काम तो ज्याचा दावा असेल त्याच्याकडेच देई. माणसं रस्त्यावर खांबाशी हात वर करून उभी राहत आणि आत काय ठरतंय याची वाट बघत. आत ठरे ते त्यांना दिसत नसे.

त्या सोमवारी तो एका छोट्या गावातल्या लॉजच्या नळावर नळी भरत होता. रोजचा रिवाज असा: भरलेली नळी जिन्याच्या कठड्यावरून लोंबती सोडायची, टिचक्या मारत बसायचं, आत अडकलेली हवा बुडबुड्याबुडबुड्याने वर येऊन निघून गेली की दोन्ही तोंडांना बुचं मारायची. याला दहा मिनिटं लागतात. दुसऱ्या मिनिटाला फोन वाजला. कंपनीच्या दावे विभागाच्या प्रमुख मॅडम होत्या.

"आज किती होतील?"

"तीन."

"पाच करा."

"बरं," मापारी म्हणाला आणि बुचं मारली.

पाचांतल्या चार जागी नळीची गरजच पडली नाही. पाणी माळ्यापर्यंत गेलेलं होतं, तिथे कोण कुणाची रेघ तपासणार. गरज पडली ती दुसऱ्या जागी, बाइंडरबाईंच्या दुकानात.

बाइंडरबाई पंचावन्नच्या आसपासच्या होत्या, हाडाने काटक, बोटांची पेरं सरसाने पिवळी पडलेली. दुकान वडिलांचं. कचेऱ्यांच्या नोंदवह्या, शाळांची हजेरीपुस्तकं, वाचनालयाची खिळखिळी झालेली पुस्तकं त्या बांधून देत. मंदीत कचेऱ्यांनी बांधणी थांबवली, सुट्या कागदांना दोरी लावून कचेऱ्या भागवू लागल्या. शाळांनीही हात वर केले. राहिलं होतं ते वाचनालय. आणि वाचनालयाची अट अशी, की ज्या दुकानाचा विमा नाही तिथे पुस्तकं द्यायची नाहीत.

दुकानात ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. मधोमध कागद कापायचं यंत्र, आणि त्याला लोखंडी घोडीवर बसवलेली मोटर. मोटर जळली होती. भिंतीवरची रेघ बघितली तर मोटर अर्धी बुडायला हवी होती. भिंतीवर सहा बटणं होती, त्यातलं एक चिकटपट्टी लावून बंद केलेलं.

"दुसरं काही मी मागत नाही," बाई म्हणाल्या. "कागद गेला तो गेला. कागद काय, पाण्याचा वैरीच. पण मोटरशिवाय माझा हात म्हणजे नुसता हात आहे."

"बरं. बाहेर खांबापाशी जाऊन हे टोक धरायचं. पाणी लाल खुणेशी आलं की 'आलं' म्हणायचं. धरून ठेवा. हलवू नका."

नळी खिडकीतून बाहेर गेली. बाई खांबाशी उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने बाहेरून आवाज आला:

"अहो साहेब, यातलं पाणी मध्येच तुटल्यासारखं दिसतंय."

मापारी आत गुडघ्यावर बसून रेघेवर बॅटरी मारत होता. तिसरा दावा वाट बघत होता, चौथा आणि पाचवाही.

"बरं," तो म्हणाला. "खुणेशी आलं का?"

"आलं, पण..."

त्याने निळ्या पाण्याशी खडूची खूण केली. चिखलाची रेघ खडूच्या खुणेच्या चार बोटं वर होती. चार बोटं खाली म्हणजे मोटरच्या बुडाच्याही खाली. म्हणजे पाणी मोटरपर्यंत गेलंच नव्हतं. रेघ कुणीतरी वर ओढली होती, आणि मोटर कोरडीच जळली होती किंवा बादलीने भिजवली होती. गणित सरळ होतं. असं त्याने दोनशे वेळा तरी बघितलं होतं.

बाई आत आल्या, खडूकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"म्हणजे? ही रेघ मी काढली?"

"माप तसं म्हणतंय."

"अहो, तीस वर्षं मी रेघाच मारतेय. मी काढली असती तर अशी फरफटलेली काढली असती का? पट्टी लावून काढली असती!"

"बरं."

"बरं काय, बरं? परत मोजा."

"एकदाच मोजतात," मापारी म्हणाला. हे खोटं होतं, पण इतक्या वेळा बोललेलं, की नियमासारखं झालं होतं. बाईंचा आवाज चढला, मग बसला. त्याने बटणं पुन्हा मोजली. सहाच होती.

बसमध्ये बसून त्याने फोनवरून अहवाल धाडला. शेवटच्या ओळीत लिहिलं: रेघ बनावट, हाताने काढलेली. दावा नामंजूर करावा.

असा शेरा पडला की तो एका कंपनीत राहत नाही. सगळ्या विमा कंपन्यांची मिळून एक सामाईक नोंद असते, तिथे जातो. मग त्या माणसाचा विमा कुणी उतरवत नाही. मापाऱ्याला हे अर्थातच ठाऊक होतं. वाचनालयाची अटही बाईंनी त्याला सांगितली होती. दोन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात होत्या, पण एकमेकींशेजारी नव्हत्या.

मंगळवारी तो चाळीस मैलांवरच्या दुसऱ्या गावी एका गवंड्याच्या घरी गेला. गवंड्याचं स्वतःचंच घर खचलं होतं आणि त्या गोष्टीची त्याला नुकसानीपेक्षा लाज जास्त वाटत होती.

"गवंड्याची भिंत वाकडी! पोटभर हसून घ्या साहेब, अख्खी गल्ली हसून झाली."

"बरं."

"हसा म्हटलं तरी बरं? तुम्ही भलतेच जपून हसता बुवा."

मापाऱ्याने नळीचं टोक त्याच्या हातात दिलं. आदल्या दिवशीचंच पाणी होतं. भरलेली नळी दोन दिवस चालते. गवंडी ते टोक घेऊन बाहेर गेला नाही. त्याने नळी डोळ्यांसमोर धरली, उजेडाकडे वळवली आणि जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं.

"हवा आहे यात."

"काय?"

"हवा. हे बघा." निळ्या पाण्यात मध्येच रिकामा तुकडा होता. गवंड्याने त्यावर बोटं ठेवली, एक, दोन, तीन, चार. "चार बोटं. माझ्या उस्तादाने असली नळी माझ्या पाठीवर वाळत घातली असती. अहो, हवा ज्या बाजूला असते तिकडचं पाणी उगाच उंच दिसतं. तेवढंच दुसरीकडे खाली. यावर बांधलेली भिंत म्हणजे... जाऊ दे, माझ्याकडे बघा, तशी!"

तो हसला. टिचक्या मारून त्याने हवा वर आणली, बाहेर घालवली, वाटीभर पाणी ओतून नळी पुन्हा भरली. मापारी बघत उभा होता. त्याला काही वाटलं नाही. फक्त एक वाक्य अगदी स्वच्छ ऐकू आलं, जणू खिडकीबाहेरून कुणी पुन्हा म्हणत होतं: यातलं पाणी मध्येच तुटल्यासारखं दिसतंय.

चार बोटं. हवा बाईंच्या टोकाला होती. बाहेरचं पाणी चार बोटं उंच, आतलं चार बोटं खाली. त्याची खडूची खूण चार बोटं चुकीची. चिखलाची रेघ पाण्यानेच काढलेली होती.

गवंड्याचं माप त्याने घेतलं, नीट घेतलं. मग दारातल्या दगडावर बसून मॅडमना फोन लावला आणि झालं ते सांगितलं. पलीकडे थोडा वेळ फक्त टंकलेखनाचा आवाज येत राहिला.

"बाइंडर बाई. हो, बंद केलीय ती फाइल," मॅडम म्हणाल्या. "हे बघा मापारी, फेरअहवाल द्यायचा म्हणताय. तुमच्या नावावर याआधी एक आहे. तेलाच्या गोदामाचा."

"हो."

"दुसरा झाला की नाव यादीतून निघतं. मी काढत नाही, आपोआप निघतं. या दिवसांत वरचे लोक अकराचे दहा करायला निमित्तच शोधताहेत, आणि तुम्ही ते ताटात वाढून देताय."

"मग?"

"मग काही नाही. अहवाल राहू दे. मी सहानुभूती म्हणून बाईंना निम्मी रक्कम देववते, तसा अधिकार आहे मला. बाई खूश, तुम्ही यादीत, मी घरी वेळेवर."

"आणि शेरा?"

"शेरा कसा काढणार? अहवाल उभा आहे म्हटल्यावर शेरा राहणार. निम्म्या पैशात जुनी मोटर येते हो. लोकांना मोटर हवी असते, शेरे कोण वाचतं?"

"वाचनालय," मापारी म्हणाला.

"काय?"

"काही नाही."

"मग ठरलं?"

"बरं," मापारी म्हणाला.

संध्याकाळी त्याने बायकोला फोन केला. ती एका औषधांच्या दुकानात काउंटरवर बसे. मंदीत खपणारा माल तेवढाच राहिला होता, असं ती म्हणे. त्याने तिला नळी, हवा, बाई, मॅडम हे सगळं अहवालाच्या भाषेत सांगितलं.

"मग तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

"बरं म्हणालो."

"ते झालंच. ते कोणतं?"

"कोणतं म्हणजे?"

"अहो, इतकी वर्षं ऐकतेय. होय वालं, नाही वालं की कडीवालं?"

मापाऱ्याने विचार केला. लॉजच्या खोलीत तीन बटणं होती. "माहीत नाही," तो म्हणाला.

"यादीतून नाव गेलं तर काय करायचं ते बसून ठरवू. माझा पगार आहे. पुरणार नाही, पण आहे. तुम्ही जेवलात का?"

"हो."

"काय?"

त्याला आठवेना.

बुधवारी त्याची दोन कामं उत्तरेच्या रस्त्यावर होती. तो दक्षिणेच्या बसमध्ये बसला. हा निर्णय घेतल्याचं त्याला आठवत नव्हतं. कंडक्टरने गाव विचारलं तेव्हा तोंडून बाइंडरबाईंच्या गावाचं नाव आलं, एवढंच. निघण्याआधी मात्र तो जिन्याच्या कठड्याशी पूर्ण दहा मिनिटं टिचक्या मारत बसला होता. मग अजून पाच.

बाई दुकानातच होत्या. ओल्या पुठ्ठ्यांची थप्पी उन्हात मांडत होत्या. त्याला बघून त्यांनी हात थांबवला नाही.

"आता काय राहिलं? छत मोजायचंय?"

"परत मोजायला आलोय."

"एकदाच मोजतात ना?"

"नळीत हवा होती," मापारी म्हणाला. "परवा. तुमच्या बाजूला. तुम्ही म्हणाला होतात, पाणी तुटलंय म्हणून. मी ऐकलं होतं."

बाईंनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला. त्या चिडतील असं त्याला वाटलं होतं, आणि चिडण्याला त्याच्याकडे उत्तर होतं, एका शब्दाचं. त्या चिडल्या नाहीत. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या, एखाद्या जुन्या पुस्तकाकडे बघावं तसं, की हे बांधून चालेल की नवीनच घ्यावं.

"ऐकलं होतं, म्हणजे?"

"कानावर आलं होतं."

"अस्सं. द्या ती नळी." त्यांनी पदर कमरेला खोचला. "आज बाहेर तुम्ही उभे राहा. आत मी बघते."

"तसं करत नाहीत. आतलं माप..."

"परवा तुम्ही आत काय बघितलंत ते मला दिसलं नाही. आज मला बघू द्या. नंतर तुम्ही पन्नास वेळा बघा."

मापाऱ्याच्या तोंडाशी 'बरं' आलं. त्याने ते गिळलं आणि नळीचं टोक घेऊन बाहेर गेला.

एकोणीस वर्षांत तो खांबाच्या बाजूला कधी उभा राहिला नव्हता. तसं बघितलं तर कठीण काही नव्हतं. टोक लाल खुणेशी धरायचं, वर-खाली करून निळं पाणी खुणेवर आणायचं. त्याने आणलं. नळी खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळली. पाणी अखंड होतं.

"आलं," तो ओरडला.

"धरून ठेवा," आतून आवाज आला. "हलवू नका."

तो उभा राहिला. खुणेची उंची नेमकी अशी होती, की हात धड खालीही नाही आणि धड वरही नाही. एक सायकलवाला त्याच्याकडे बघत गेला. समोरच्या लाँड्रीतली बाई दारात येऊन हाताची घडी घालून उभी राहिली. खिडकीतून नळी आत गेलेली दिसत होती. तिच्या पुढचं काही दिसत नव्हतं. आत बाई वाकल्या होत्या की बसल्या होत्या, पाणी रेघेवर होतं की खाली, काही कळायला मार्ग नव्हता. आवाज येईना. दंड भरून आला. टोक जरा खाली घ्यावं असं त्याला वाटलं, आणि खाली घेतलं तर आत पाणी हलेल, हेही कळलं. इथे उभी राहिलेली माणसं त्याला आठवू लागली. चेहरे नव्हे, चेहरे त्याने बघितलेच नव्हते. खिडकीतून दिसणारे नुसते वर धरलेले हात, मनगटं, एकाच्या मनगटाला घड्याळ, एकाच्या बोटाला चिंधी.

"काय म्हणतंय?" त्याने न राहवून विचारलं.

"थांबा हो. घाई कुणाला आहे? मला नाही."

हे त्याला पटलं. तो थांबला. लाँड्रीवालीने विचारलं, "कसली लाइन टाकताय, गॅसची?"

"नाही," मापारी म्हणाला.

शेवटी आतून आवाज आला. चढलेला नव्हता. कागद दुमडून त्यावर नख फिरवावं तसा होता.

"रेघेवर. केसभरसुद्धा इकडे नाही की तिकडे नाही. या आता, बघा."

बाई बाहेर येऊन टोक धरून उभ्या राहिल्या, मापारी आत गेला. निळं पाणी चिखलाच्या रेघेवर टेकलं होतं. खाली चार बोटांवर त्याची परवाची खडूची खूण होती. त्याने फोटो काढले. दोन्ही टोकांचे, अखंड नळीचे, मोटरचे. खडूची खूण पुसायला रुमाल काढला, तशा खिडकीतून बाई म्हणाल्या, "ती राहू दे."

"का?"

"राहू दे. दुकान माझं आहे."

ओल्या बाकावर बसून त्याने फेरअहवाल लिहिला. कारणाच्या रकान्यात फोनमधली यादी उघडली: नवीन पुरावा, कागदपत्रांची पूर्तता, दावेदाराची विनंती, इतर. 'नवीन पुरावा' सगळ्यांत वर होतं आणि अब्रू राखणारं होतं. त्याने 'इतर' निवडलं आणि लिहिलं: चूक मोजणाऱ्याची. नळीत हवा होती. दावेदाराने त्याच वेळी सांगितलं होतं. रेघ खरी आहे. शेरा काढून टाकावा, दावा पूर्ण मंजूर करावा.

बाईंनी मागून वाचलं. तीस वर्षं लोकांचे कागद हाताळलेल्या बाई. त्यांना वाचल्याशिवाय राहवत नसावं.

"याने तुम्हाला काही होईल का?"

"होईल."

"काय?"

"नाव निघेल."

देवासारखे आलात वगैरे बाई म्हणाल्या नाहीत, आणि मापाऱ्याला बरं वाटलं की म्हणाल्या नाहीत, कारण तो परवा आला होता तोही तोच होता. त्यांनी गटाराशी उकिडवं बसून नळीचं एक टोक धरलं, त्याने दुसरं उंच केलं. निळं पाणी गेलं. नळी झटकून, चौकोनी घडी घालावी तशा नीट वेटोळ्यात गुंडाळून त्यांनी ती त्याच्या पिशवीत ठेवली. त्याला अशी कधी गुंडाळता आली नव्हती.

बस स्टॉपवर मॅडमचा फोन आला.

"काल तुम्ही बरं म्हणालात!"

"मी सगळ्यांनाच म्हणतो."

"मापारी, मी काही करू शकत नाही आता. कळतंय ना? ते आपोआप..."

"आपोआप निघतं. हो."

"मूर्खपणा आहे हा," मॅडम म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, कचेरीबाहेरच्या आवाजात, "बाईंचा शेरा निघालाय. मी स्वतः बघितलं. टेप आणि ओळखपत्र जमा करायला या. नळी कंपनीची आहे का?"

"माझी आहे."

"मग ठेवा."

बस यायला वेळ होता. त्याने बायकोला फोन लावला. दुकानात गर्दी असावी. तिने फोन खांद्याशी धरून कुणाला तरी सुटे परत दिल्याचा आवाज आला.

"पाठवलात?"

"हो."

"आणि नाव?"

"निघालं."

"बरं," ती म्हणाली. तिच्या तोंडचं 'बरं' वेगळं होतं. त्याला आतून कडी नव्हती. "कसं वाटतंय?"

मापाऱ्याने प्रश्न नीट घेतला, एखाद्या जागेची पाहणी करावी तसा. आत जाऊन बघितलं. बरंचसं बधिर होतं, जसं असे तसंच. काम गेल्याची भीती कुठे दिसली नाही. येईल, उशिराने येणाऱ्यांतली ती. आनंद म्हणावा असंही काही सापडलं नाही. फक्त एका जागी काहीतरी होतं.

"हात दुखतोय," तो म्हणाला.

"कुठला?"

"उजवा. दंडात. टोक धरून उभा होतो."

एकोणीस वर्षांत त्याने स्वतःचं काही दुखतंय असं तिला सांगितलं नव्हतं.

"या घरी," ती म्हणाली. "मलम आणते येताना."

बस आली. चढताना कंडक्टरने पिशवी वर टाकायला सांगितली, आणि मापाऱ्याने ती डाव्या हाताने टाकली.